मोठा पंखा, संथ पंखा

उन्हाळ्यातला नवतपा लागला की भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरच्या बाजारात दुपारी कुत्रंही दिसत नाही. अशा एका दुपारी सातबाऱ्याची प्रत काढायला एका दुकानात शिरलो. संगणकाच्या पेटीचं झाकण काढलेलं, आत पुठ्ठ्याचं एक नसराळं, आणि त्याच्या तोंडावर केबल टायनं आवळलेला तळहाताहून मोठा काळा पंखा. निवांत फिरत होता.

“काकाजी, लहान पंखा बोंबलते जास्त, हवा देते कमी,” दुकानातला पोरगा म्हणाला.

पोराचं गणित पक्कं होतं. ८० मिलिमीटरच्या जागी १२० मिलिमीटरचा पंखा बसवला की पात्यांचं वर्तुळ सव्वादोन पट होतं. मग तेवढीच हवा द्यायला त्याला जिवाच्या आकांतानं पळावं लागत नाही, आणि वेग उतरला की किंकाळीही उतरते. नसराळं मात्र हवंच. पंख्याच्या मधोमध मोटर असते, तिच्याखाली वारा नसतो, आणि प्रोसेसरची सगळ्यात तापलेली जागा नेमकी तिथंच. शिवाय मोठ्या पंख्याच्या कडेचा वारा प्रोसेसरवरच्या धातूच्या पत्र्यांबाहेर वाया जातो. पुठ्ठ्यानं तो वळवून आत घातला होता.

भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेला. पण या पत्र्यांचं काम पितळेचं नव्हे. तांब्याच्या मानानं पितळ तिसऱ्या हिश्श्याइतकीही उष्णता वाहून नेत नाही. प्रोसेसरच्या डोक्यावर तांबं किंवा ॲल्युमिनियमच शोभतं.

तरी पंख्याला एक मर्यादा आहे, आणि ती आमच्याकडे मे महिन्यात कळते. पंखा हवा गार करत नाही, नुसती हलवतो. खोलीत ४५ अंश असतील तर प्रोसेसर त्याखाली कधीच येणार नाही. समजा, तो हवेपेक्षा ४० अंशांनी जास्त तापतो, म्हणजे ८५. मोठ्या पंख्यानं हे अंतर घटून ३० झालं तर ७५. पुण्यात ही दहा अंशांची चैन वाटेल, इथं ती गरज आहे. शंभरीच्या आसपास बहुतेक प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतात, आणि मग सातबाऱ्यासाठी उभी असलेली रांग उन्हात लांबत जाते.

खिडकीतला वाळ्याचा कूलर मे महिन्याच्या कोरड्या हवेत खोलीचं तापमान उतरवतो, संगणकही त्यावरच तगतो. जुलैत हवा ओली झाली की त्याचा जोर संपतो. आणि उन्हाळी धानाच्या हंगामात राईस मिलचा कोंडा येतो तो वेगळाच. पोरानं नसराळं काढून दाखवलं, तर पत्र्यांच्या फटीत पिवळट नमदा बसलेला. कितीही मोठा पंखा असला तरी त्या नमद्यातून वारा जात नाही.

तेव्हा १२० चा पंखा जरूर घ्या. पण आधी संगणक बंद करून मऊ कुंचल्यानं पत्रे झाडा, आणि पेटी भिंतीपासून वीतभर पुढं ओढा.