'चाय' म्हणजे चहा नव्हे!

बालमित्रांनो, 'चाय' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? वाफाळता कप आणि बशी, हो ना? पण एक देश असा आहे, की तिथे 'चाय' म्हटलं की समोर चक्क भातभाजी येते! तो देश म्हणजे व्हिएतनाम. तिथल्या भाषेत 'चाय' म्हणजे शाकाहारी जेवण. हे मला कसं कळलं, त्याचीच ही गोष्ट.

2025 च्या मे महिन्याच्या सुट्टीत मी आणि आई व्हिएतनामला गेलो होतो. ताई आणि भाऊजी तिथे दानांग शहरात राहतात. तिथून 100 किलोमीटरवर ह्वे नावाचं गाव आहे. 1802 ते 1945 या काळात ही तिथल्या राजांची राजधानी होती. ताईला रजा नव्हती, म्हणून आम्ही दोघीच निघालो. आगगाडी घाट चढू लागली. एकीकडे हिरवा डोंगर, दुसरीकडे निळा समुद्र. आई म्हणाली, "अगो, ही तर आपली कोकण रेल्वेच!"

पण ह्वेला पोचल्यावर पंचाईत झाली. मी पक्की मालवणी, मला मासे म्हणजे जीव की प्राण. आई मात्र माळकरी. आणि व्हिएतनामी स्वयंपाकात 'नुक माम' असतंच असतं. लहान मासे मिठात महिनोन् महिने मुरवून त्याचा जो रस निघतो, तो म्हणजे नुक माम. आपण मीठ घालतो तसं ते लोक हे घालतात. म्हणजे नुसत्या पालेभाजीतही मासा! आईने दोन दिवस घरून आणलेल्या शेंगदाण्याच्या लाडवांवर आणि केळ्यांवर काढले. "ह्या लोकांना आपलं काय कळणार?" असं म्हणायची आणि गप्प बसायची.

तिसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. नदीच्या पाण्यावर कमळाच्या आकाराचे सात भलेमोठे कंदील तरंगत होते. आम्ही थिएन मू हे जुनं बौद्ध मंदिर पाहायला गेलो. तिथला सात मजली मनोरा 1844 सालचा आहे. पायऱ्या उतरताना आईला एकदम घेरी आली. माझ्या पोटात धस्स झालं. परका देश, भाषा येत नाही, आणि सत्तरीची आई उपाशी!

तिला धरून जवळच्या गल्लीत शिरले. एका घराच्या पुढच्या खोलीतच खानावळ होती. गुडघ्याएवढी लाल प्लॅस्टिकची स्टुलं, मागे चूल, भिंतीवर देवघरासारखं काहीतरी. त्यात एका आजोबांचा फोटो, फळं आणि उदबत्ती. आजी रांधत होती, बाबा भांडी विसळत होते, आणि तुमच्याच वयाची एक मुलगी बाहेर आली. मी हातवारे करून 'मासे नको, मांस नको' असं सांगू लागले. ती हसली आणि दारावरच्या पाटीवर बोट ठेवून म्हणाली, "चाय!"

आई म्हणाली, "अगो, मला चहा नको. जेवण विचार."

शेवटी मुलीने मोबाईल काढला. ती त्यात बोलायची आणि पडद्यावर इंग्रजी उमटायचं. तेव्हा उलगडा झाला. एरवी इथे मासेमटण मिळतं. पण तिथले बरेच बौद्ध लोक चांद्रमहिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला 'चाय' पाळतात. या घरीही तसंच. म्हणून आज ही पाटी!

भात आला. पाठोपाठ कोवळ्या फणसाची भाजी आली. वर तीळ, शेंगदाणे, सोबत तिळाचा भलामोठा पापड. आईने घास घेतला आणि तिचा चेहरा फुलला. "अगो, ही तर कुयरीची भाजी!" फणसाला तिथे 'मीत' म्हणतात. आई म्हणाली, "मीतच तो. परदेशात भेटला ना!"

इतक्यात मुलीचा धाकटा भाऊ एका वाटीत काळसर रस घेऊन आला. वाटी ठेवताना त्यातला थोडा भाजीवर सांडला. आई पापड त्यात बुडवणार, तोच आजी चुलीपासून जवळजवळ धावत आली. तिने वाटी उचलली, वास घेतला आणि भाजीची ताटलीही उचलली. पोराने सवयीने रोजच्याच बाटलीतून वाटी भरली होती. ते नुक माम होतं!

आम्हाला वासावरून काही कळलं नव्हतं. आजी गप्प राहिली असती तर कधीच कळलं नसतं. दुकानात गर्दी होती, चार माणसं ताटकळत होती. तरी तिने ती भाजी टाकून दिली, भांडं घासलं आणि नवी भाजी केली. दोन बाटल्या आणून आईपुढे धरल्या. मासा छापलेली दाखवून मान हलवली, सोयाबीनची दाखवून हसली. पोराला मात्र ती रागावली नाही. नवी वाटी तिने त्याच्याच हातून आईला देववली. पैसेही एकाच भाजीचे घेतले.

निघताना आईने पिशवीतला शेवटचा लाडू आजीच्या हातावर ठेवला. आजीने तो आधी आजोबांच्या फोटोपुढे ठेवला, हात जोडले, मग अर्धा मोडून आईला दिला. दोघी म्हाताऱ्या आपापल्या भाषेत बोलत होत्या. कुणाचं कुणाला कळत नव्हतं, पण मान दोघीही डोलवत होत्या.

वाटेत आई म्हणाली, "माझी माळ तिने सांभाळली हो."

मी काहीच बोलले नाही. मला आमची शाळेची सहल आठवत होती. अंड्याच्या रश्श्याचा डाव डाळीत बुडाला, म्हणून माझ्या वर्गातला एक मुलगा जेवत नव्हता. मी त्याला म्हटलं होतं, "एवढ्याने काय होतंय? नाटकं करू नकोस." तो संध्याकाळपर्यंत उपाशी राहिला होता.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी त्याला जवळ बोलावलं आणि म्हटलं, "त्या दिवशी माझं चुकलं रे." तो आधी बावरला, मग हसला. म्हणाला, "बाई, व्हिएतनाममध्ये काय काय बघितलंत?"

मग मी सगळ्या वर्गालाच ही गोष्ट सांगितली. आता डबा खायच्या सुट्टीत कुणी नवा पदार्थ पुढे केला, की आमची मुलं आधी विचारतात, "चाय आहे का रे?"