काळी चारवरून काळी तीनवर

पहाडी आवाजाचं आपल्याकडे फार कौतुक. शाहिराचा, तमाशातल्या बाईचा, सप्ताहात चाल म्हणणाऱ्या गायनाचार्याचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचला पाहिजे, तोही ढोलकीच्या किंवा टाळ-पखवाजाच्या वर चढून. असा आवाज पन्नाशी-साठीनंतर कसा वागतो, हा माझ्या कामाचा विषय. मी मिरजगावात कान-नाक-घशाचा दवाखाना चालवतो. कर्जत, जामखेड, करमाळ्याकडचे भजनी, कीर्तनकार, जागरण-गोंधळ घालणारे, जुन्या फडांतले कलावंत येतात आणि बहुतेकांची तक्रार एकच असते: "डॉक्टर, आवाज वर जाईना."

काळी चारला, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून, गाणारा पुरुष वरचा सा लावतो, तेव्हा त्याचे दोन स्वरतंतू सेकंदाला सुमारे ४१५ वेळा एकमेकांवर आदळतात. त्यांची लांबी जेमतेम दोन सेंटिमीटर. हरिजागराच्या एका रात्रीत ही आदळआपट लाखोंच्या घरात जाते. तरुणपणी ती सोसते, कारण तंतूवरचा पातळ थर लुसलुशीत आणि ओला असतो. वय वाढतं तसे त्यातले लवचिक धागे कमी होतात, ताठ धागे वाढतात, ओलावा देणाऱ्या ग्रंथी मंदावतात. आतला स्नायूही झिजतो. मग तंतू मिटले तरी मधे बारीक फट राहते, हवा निसटते आणि सुरात फुसफुस मिसळते. स्वरयंत्राच्या कूर्चा हाडासारख्या कडक होत जातात. छातीचा भाता पूर्वीइतका रिकामा होत नाही, त्यामुळे ज्या चरणाला एक श्वास पुरायचा त्याला दोन लागतात. पुरुषाचा आवाज उतारवयात किंचित पातळ होतो. बाईचा मात्र पाळी गेल्यानंतर जाड होतो, खाली येतो. गाणाऱ्या बायकांना हे कुणी आधी सांगत नाही, आणि आपलंच काही चुकलं असं त्या वर्षानुवर्षं मानत राहतात, याचं मला फार वाईट वाटतं.

गंगूबाई हनगलांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिका ऐका. आवाज बारीक, उंच, टोकदार. पुढे घशाच्या उपचारानंतर तो इतका खाली आला की अनोळखी माणसाला पुरुषाचा वाटावा. त्यांनी जुना आवाज परत आणण्याच्या मागे न लागता या जाड, भारदस्त आवाजावरच किराणा घराण्याची गायकी उभी केली आणि म्हातारपणापर्यंत गायल्या. आशा भोसले यांनी २०२३ साली आपल्या नव्वदाव्या वाढदिवशी दुबईत मंचावर उभं राहून गाणी म्हटली. शाहीर विठ्ठल उमप २०१० च्या नोव्हेंबरमध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर मंचावरच कोसळले आणि गेले, तेव्हा ते एकोणऐंशीचे होते. पाश्चात्त्य रॉक गायकांचंही गळ्याचं काम आपल्या शाहिरांसारखंच, ताकद लावून वर ओढायचं. लेड झेपलिनचा रॉबर्ट प्लांट २००७ साली लंडनला जुन्या साथीदारांबरोबर पुन्हा उभा राहिला, तेव्हा काही गाणी मूळ पट्टीच्या खाली घेतली गेली. तो एकोणसाठ वर्षांचा होता, आणि त्या कार्यक्रमाचं आजही कौतुक होतं. एरोस्मिथच्या स्टीव्हन टायलरला २०२३ मध्ये स्वरयंत्राची दुखापत झाली आणि पुढच्या वर्षी त्या बँडने दौरे कायमचे थांबवले.

आमच्याकडे पट्टी खाली घेणं हीच अवघड गोष्ट. मंडळाचा पखवाज काळी चारला चढवलेला असतो. तो उतरवायचा तर पखवाजी कुरकुरतो, कारण उतरलेल्या पानाला तो बोल येत नाही. विशीतल्या पोरांना उंच पट्टीतच रंग चढल्यासारखा वाटतो. पासष्टीच्या बुवांना "पट्टी खाली घ्या" म्हणायला कुणी धजत नाही आणि ते स्वतःही म्हणत नाहीत. तीस वर्षं ज्या सुरात गायलो तो सोडला तर गाव काय म्हणेल! मग मान ताणून, हनुवटी उचलून, गळ्याच्या शिरा फुगवून ते वरचा सा गाठतात. दुर्बिणीत मला दिसतं ते याचं फळ: खरे तंतू पुरते मिटत नाहीत म्हणून त्यांच्यावरच्या घड्या दाबून काढलेला घोगरा आवाज. काळी चारवरून काळी तीनवर आलं की तोच वरचा सा ४१५ ऐवजी ३७० वर येतो, म्हणजे दर सेकंदाला ४५ आघात कमी. ऐकणाऱ्याला एवढा फरक क्वचितच कळतो, गळ्याला मात्र लगेच कळतो. म्हणून मी बुवांबरोबर पखवाज्यालाही दवाखान्यात बोलावतो. काळी तीनला बोलणारा वेगळा पखवाज मंडळाने घ्यावा, हे मी औषधाइतक्याच गांभीर्याने सांगतो.

बाकीचं थोडक्यात. पहाटे खर्जात, हलक्या आवाजात वीस मिनिटं. दिवसभर पाणी. कार्यक्रमानंतर मध्यरात्री जेवून लगेच आडवं होऊ नये, पोटातलं आम्ल वर येऊन तंतू सुजवतं. ज्येष्ठमध, खडीसाखर जरूर चघळावी, घसा ओला राहतो. पण गिळलेली कुठलीच गोष्ट स्वरतंतूंवरून जात नाही, गेली तर ठसका लागतो. वाफेचं तसं नाही, ती श्वासाबरोबर थेट पोचते. "आजच्या कार्यक्रमापुरतं इंजेक्शन द्या" असा आग्रह असतो. सूज उतरते, गळा मोकळा वाटतो, आणि त्या भरवशावर माणूस दुप्पट जोर लावतो. त्यात तंतूतली बारीक रक्तवाहिनी फुटू शकते.

मात्र प्रत्येक बसलेला आवाज वयाच्या नावावर खपवू नये. तंबाखू, मिश्री, विडी यांतलं काही चालू असेल किंवा वर्षानुवर्षं चालून सुटलं असेल, आणि घोगरेपणा तीन आठवड्यांत गेला नसेल, तर काढा-गुळण्यांत दिवस न घालवता दुर्बिणीने तपासून घ्यावं. स्वरतंतूवरची कर्करोगाची गाठ अगदी लहान असतानाच आवाज बिघडवते, म्हणून ती लवकर पकडता येते. त्या टप्प्यावर नुसत्या किरणोपचारानेही बहुतेक रुग्ण बरे होतात, आणि स्वरयंत्र काढावं लागत नाही.