रापी तीच, फोम तोच. मग कला कोणाची आणि जात कोणाची?



"चळवळीतला पोरगा आणि हे काय कार्टूनचे कपडे घालून फिरतो?" हा प्रश्न मला दिघ्यात गेली पाच-सहा वर्षं विचारला जातो. विचारणारी माणसं आपलीच आहेत. जयंतीला माझ्यासोबत वर्गणी मागत फिरलेली आहेत. म्हणून त्यांना हसून उडवून लावणं बरोबर नाही. उत्तर देतो.

आधी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिनेमा, कॉमिक्स, जपानी अ‍ॅनिमे किंवा व्हिडिओ गेममधल्या पात्राचा पोशाख तयार करायचा आणि तो घालून चाहत्यांच्या मेळ्यात जायचं, याला कॉस्प्ले म्हणतात. आपल्याकडे २०११ मध्ये दिल्लीत पहिली कॉमिक कॉन भरली, मग मुंबईतही भरू लागली. छंद मात्र जुना आहे. १९३९ मध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथांच्या चाहत्यांचं पहिलं जागतिक संमेलन झालं. तिथे फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघं भविष्यकाळातल्या माणसांचे कपडे घालून गेले. दोन्ही पोशाख मर्टलने बनवले होते. पण पहिला कॉस्प्लेअर म्हणून वर्षानुवर्षं नाव घेतलं गेलं ते अ‍ॅकरमनचं. शिवणारी मागे, मिरवणारा पुढे. ही गोष्ट आपल्याला नवीन नाही.

आता दिघ्याकडे येतो. ठाणे-बेलापूर रस्ता, एका बाजूला एमआयडीसीच्या कंपन्या, दुसऱ्या बाजूला डोंगराच्या अंगावर चढत गेलेली वस्ती. २०१५ नंतर न्यायालयाच्या आदेशाने इथल्या बेकायदा ठरलेल्या इमारतींवर हातोडा पडला, तेव्हा बिल्डर सुटले आणि भांडीकुंडी रस्त्यावर आली ती राहणाऱ्यांची. अशा ठिकाणी 'छंद' हा शब्दच चैनीचा वाटतो. मी कंपनीत शिफ्ट करतो. दहा बाय बाराच्या खोलीत रात्री हीट गन लावली की पंखा मंदावतो आणि आई ओरडते.

मेळ्यात माझा ब्लॅक पँथर पाहून लोक विचारतात, "कुठून मागवलास?" मागवला नाही, बनवला. कशाचा? ईव्हीए फोमचा. म्हणजे ज्याचे चपलेचे सोल बनतात तोच माल. मी तो चेंबूरच्या ठक्कर बाप्पा कॉलनीतून आणतो, जिथे घराघरांत चपला बनतात. फोम चिकटवायला लागतं ते चप्पलवाले ज्याला सोल्युशन म्हणतात तेच. डोक्याला प्लास्टिक आणि चिकटपट्टी गुंडाळायची, त्यावर रेघा मारायच्या, कापून सपाट केलं की फर्मा तयार. फर्म्यावरून फोम कापायचा, पण सरळ नाही. पातं तिरकं धरलं तरच दोन तुकडे जोडल्यावर गोलाई येते.

ही गोलाई मला इंटरनेटवरच्या व्हिडिओंनी नाही शिकवली. रस्त्याच्या कडेला बसून चपला शिवणाऱ्या एका काकांनी शिकवली. मूळचे सोलापूरकडचे, चर्मकार समाजाचे. मी कटरने फोम फाडतोय हे पाहून त्यांनी स्वतःची रापी हातात दिली. पातं दगडावर कसं लावायचं, मनगट कसं कलतं ठेवायचं, सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत कसं थांबायचं, आणि एकदा दाबलं की परत हलवायचं नाही, हे सगळं त्यांचं. माझं हेल्मेट हातात घेऊन उलटंसुलटं करत ते म्हणाले, "पोरा, हे तर सोलचंच काम हाय." मग विचारलं, "ह्याचं किती मिळतं?"

मी म्हणालो, "काका, काहीच नाही. बक्षीस लागलं तर लागलं."

ते हसले. पण मला त्यांच्या प्रश्नाने झोप लागली नाही.

कारण बघा. रापी तीच, फोम तोच, सोल्युशन तेच. मेळ्याच्या स्टेजवर त्याच कामाला 'क्राफ्ट' म्हणतात, परीक्षक जवळ येऊन सांधे बघतात, टाळ्या पडतात. रस्त्यावर तेच काम करणाऱ्याला लोक चप्पल पायाने पुढे सरकवतात, वीस रुपयांत पाच रुपये कमी करायला लावतात, आणि त्याचं नाव न विचारता जातीच्या नावाने हाक मारतात. फरक कामात आहे का? कौशल्यात आहे का? नाही. एकाने ते निवडलं आहे आणि दुसऱ्याच्या जन्माला ते चिकटवलं आहे. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये हाच घाव घातला होता. जात ही कामांची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांची उतरंड आहे. निवड नसलेल्या आणि हीन ठरवलेल्या कामात माणसाचं मन रमणार कसं, हे त्यांनी तेव्हाच विचारलं.

इथे कोणी म्हणेल, मग आपल्या पोरांनी पुन्हा रापी हातात घ्यावी असं सांगतोस का? अजिबात नाही. काकांचा मुलगा त्या गोणपाटावर बसायला तयार नाही, आणि तो शंभर टक्के बरोबर आहे. महाडला बाबासाहेबांनी हीन लेखलेली कामं आणि सवयी सोडायला सांगितल्या, त्या उगाच नाही. 'पारंपरिक कारागिरी जपा' हा उपदेश एसीत बसून करणाऱ्यांचा आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. जातीतून काम सुटलं पाहिजे, आणि कामातून जात सुटली पाहिजे. कौशल्य कोणीही, हवं तेव्हा, आनंदासाठी हातात घ्यावं आणि हवं तेव्हा खाली ठेवावं.

दुसरा आक्षेप, 'वेशभूषा म्हणजे नाटकं'. ज्यांच्या अंगावर काय असावं हे दुसऱ्यांनी ठरवलं, त्यांनी तरी असं म्हणू नये. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतांची वस्त्रं आणि लोखंडाचे दागिने घालावेत असं लिहिलं आहे. हा लादलेला वेश होता. १९२७च्या डिसेंबरात महाडला ती मनुस्मृती जाळली गेली, आणि त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना जात ओळखू येईल असं लुगडं नेसणं आणि तसले दागिने घालणं सोडायला सांगितलं. त्यांचा स्वतःचा सूट हाही त्याच लढाईतला आहे. अंगावर काय घालायचं हे मी ठरवणार, हा हक्क आपल्याला फुकट मिळालेला नाही. तो वापरताना लाज कसली?

आणि सोंगाचं म्हणाल, तर महाराष्ट्रात सोंग घेऊन जगणारा समाज आहेच. बहुरूपी. देव, पोलीस, साधू अशी रूपं घेऊन दारोदार फिरणारे. त्यांचा रंग, मिशी, आवाज, चाल बघा. मेळ्यातला कुठलाही कॉस्प्लेअर फिका पडेल. पण ते भटक्या जमातींच्या यादीत आहेत आणि आम्ही 'कलाकार'. त्यांना सोंग उतरवता येतं, भटकेपण उतरवता येत नाही. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं. ते बहुरूपी नव्हते, पण तसेच गावोगाव फिरून पोट भरणारे होते. अनोळखी वेशातला मी मेळ्यात गेलो तर लोक सेल्फी मागतात. अनोळखी गावात गेलेल्या त्या पाच जणांना कोणी नावगावही नीट सांगू दिलं नाही.

आता मेळ्यातल्या मंडळींनाही दोन शब्द. हेल्मेट डोक्यावर असतं तोवर मी राजा असतो. ते काढलं की प्रश्न सुरू. "कुठून आलास?" दिघा. "वेस्ट बंगाल?" नाही, ऐरोली आणि कळव्याच्या मधे. मग आडनाव. एकदा एक जण म्हणाला, "तू पँथरच कर, मेकअपचा खर्च वाचतो." आजूबाजूचे हसले. गंमत म्हणजे त्या पोशाखात कातडीचा एक इंचही दिसत नाही. मग रंग दिसला कोणाला?

मी पँथर निवडला तो माझ्या रंगामुळे नाही. हे पात्र कॉमिक्समध्ये १९६६ साली आलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकेत ऑकलंडला ब्लॅक पँथर पार्टी उभी राहिली. तिच्यापासून प्रेरणा घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. पात्र आणि पार्टी यांचा थेट संबंध नसेल, पण माझ्या घरात 'पँथर' हा शब्द सिनेमाच्या कितीतरी आधी आला होता. २०१८च्या त्या सिनेमाच्या पोशाखांसाठी रुथ कार्टर यांना २०१९ मध्ये ऑस्कर मिळालं. वेशभूषेचं ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती. तिथे शिवणारी बाई स्टेजवर आली, तिचं नाव पुकारलं गेलं. मर्टल डग्लसपासून तिथवर यायला ऐंशी वर्षं लागली.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. मेळ्यांनी स्पर्धेत पोशाख कोणी शिवला, कोणी कापला, कोणी रंगवला हे जाहीर करावं. पैसे देऊन बनवून घेतला असेल तर बनवणाऱ्याचं नाव आधी पुकारावं. आणि आपल्या विहारांनी, मंडळांनी रविवारचे दोन तास पोरापोरींना मोकळे द्यावेत. फोम, सुई, रंग, मशीन. शिकवायला काकांसारख्यांना बोलवा, पण मानधन देऊन आणि 'सर' म्हणून. पोरांना काय बनवायचं ते ठरवू द्या. कोणी झलकारीबाई बनवेल, कोणी जपानी राक्षस. दोन्ही चालतील.

काकांना मी यंदा पँथरच्या हातमोज्यांची मजुरी दिली आणि पोशाखाच्या माहितीत त्यांचं पूर्ण नाव लिहिलं. त्यांनी पैसे मोजून खिशात टाकले आणि म्हणाले, "पुढच्या टायमाला सांधा आतून मार, भायेरनं दिसतो."

जय भीम!