शब्दकोशामागची बाटली

पुस्तक हाती आले की आधी प्रकाशकाचे नाव पाहायचे, ही माझी मास्तरी खोड. निफाडच्या एका जुन्या विद्यार्थ्याने स्वतःच्या मळ्यातल्या शिराझ द्राक्षांची, विंचूरच्या एका लहानशा वायनरीत झालेली तांबडी वाइन आणून दिली, तेव्हाही मी लेबलच पाहिले. नाव अनोळखी! बाटली शब्दकोशामागे गेली. वास्तविक बोर्दोच्या मळ्यांची प्रतवारी १८५५ साली ठरली, तरी त्या यादीबाहेरच्या मळ्यांतही उत्तम वाइन कितीतरी कमी दामात मिळते, हे मीच चारचौघांत ऐकवीत असे. दोन वर्षांनी बाटली उघडली. जांभळासारखी किंचित तुरट, अन् मागाहून मिऱ्याचा तिखटपणा. फार सुरेख! दुसऱ्याच दिवशी सांगायला त्याच्या मळ्यावर गेलो.

"सर, ते वेल गेल्या साली काढले. घेणार कोण?" म्हणत त्याने खायच्या द्राक्षांचा घड माझ्या हाती ठेवला.