एकाच ताटलीतली दोन मतं

आज पुन्हा तोच वाद. कोपऱ्यावरच्या परमिट रूममधलं सुरमई फ्राय, एक म्हणतो, "अख्ख्या दादरात असं मिळणार नाही." दुसऱ्याच्या मते तेल कालचं आणि मासा परवाचा. दोघंही एकाच ताटलीतून खात होते, हे विशेष.

मला वाटतं, ही मतं माशाबद्दल नसतातच, वेटरबद्दल असतात. जुन्या गिऱ्हाइकापुढे न मागता उकडलेले चणे येतात, बर्फ येतो, शिवाय कानात सल्ला, "साहेब, सुरमई राहू द्या, आज बांगडा ताजा आहे." नवख्याला फक्त मेन्यूकार्ड मिळतं. तो वर एसीत जाऊन बसतो, खाली मिळते त्याच क्वार्टरला जास्त पैसे मोजतो, वीस मिनिटं सोड्याची वाट बघतो आणि सर्व्हिसला नावं ठेवतो. त्याचं काय चुकलं? ओळखीवर चालणारी सेवा अनोळखी माणसाला उद्धटच वाटणार. बायकांचं मत तर कुणी विचारतच नाही. खालच्या हॉलमध्ये त्या दिसतातच कुठे!

एका बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत. १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो, तो कायदा आजही लागू आहे. पण इथे परवाना कुणी मागत नाही, कुणी दाखवत नाही.

माझं मत विचाराल तर बांगडा घ्या, चायनीजच्या वाटेला जाऊ नका आणि बिल स्वतः एकदा तपासा.