स्वातंत्र्याचा जमाखर्च : गोनीदा, घर आणि कादंबरी

‘स्वतंत्र’ हे विशेषण मराठीत पुस्तकाला लागते तेव्हा ते अनुवादित वा रूपांतरित नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. लेखकाला लागते तेव्हा मात्र ते उपजीविकेपाशी जाऊन पोहोचते. ज्याला नोकरी नाही आणि ज्याचे घर केवळ लेखणीवर चालते, तो स्वतंत्र लेखक. या अर्थाने स्वतंत्र असलेले कादंबरीकार मराठीत फार थोडे झाले. ‘करमणूक’ चालवणाऱ्या हरिभाऊ आपट्यांकडे आनंदाश्रमाचे व्यवस्थापन होते. फडके प्राध्यापक होते, खांडेकर शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते. हजार-अकराशे प्रतींच्या आवृत्तीवर संसार चालत नाही, हे या व्यवसायातील जुने शहाणपण आहे. म्हणूनच ज्यांनी ते मानले नाही, त्यांच्या घरात काय घडले याचा विचार वाङ्मयबाह्य म्हणून बाजूला सारता येत नाही.

पुणे–लोणावळा लोहमार्गावर दापोडीनंतर कासारवाडी लागते, मग पिंपरी, चिंचवड आणि बरेच पुढे तळेगाव. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढील दोन दशकांत या पट्ट्यातील शेतकऱ्यांची गावे कामगारवस्त्या बनली. पाळी, भोंगा आणि पगाराची तारीख यांनी घराघराचे वेळापत्रक ठरू लागले. त्याच मार्गावर, तळेगाव दाभाडे येथे, एका घराला मात्र पगाराची तारीखच नव्हती. गोपाळ नीलकंठ दांडेकर यांनी १९४७ मध्ये केवळ लेखनावर जगण्याचा निर्णय घेतला होता. कासारवाडीच्या कडेने वाहणारी पवना ज्या मावळातून येते, तो मावळ त्यांनी ‘पवनाकाठचा धोंडी’ या कादंबरीत आणला. एकाच नदीच्या काठी जगण्याच्या दोन रीती अशा शेजारी शेजारी नांदत होत्या.

‘शितू’, ‘पडघवली’, ‘पवनाकाठचा धोंडी’ आणि ‘माचीवरला बुधा’ या कादंबऱ्या १९५० च्या दशकातील आहेत. त्यांच्या आगेमागे कुमारांसाठीचे लेखन, चरित्रे, प्रवासवर्णने, दुर्गवर्णने, पौराणिक व संतचरित्रात्मक कथने असा मोठा पसारा आहे. समीक्षेने या विपुलतेकडे दोन प्रकारे पाहिले: कोणी तिला प्रतिभेचा विस्तार म्हटले, तर कोणी शक्तीचा अपव्यय. दोन्ही निवाडे लेखकाला एकटा समजून दिलेले आहेत. घर लेखनावरच चालवायचे असेल तर एका कादंबरीपासून दुसरीपर्यंतचा काळ दुसऱ्या कशाने तरी भरून काढावा लागतो. अशा वेळी वाङ्मयप्रकारांची निवड ही अभिरुचीइतकीच गृहस्थीचीही निवड असते. एवढे मान्य केले तरी या लेखनाच्या मूल्यमापनाची चौकट बदलते.

दुसरा प्रश्न भ्रमंतीचा. गोनीदांच्या लेखनाचा कच्चा माल पायी मिळवलेला आहे. नर्मदेची परिक्रमा, सह्याद्रीचे किल्ले, कोकणातील वाड्या यांतून त्यांचे निवेदन बोली आणि निसर्ग घेऊन येते. परंतु लेखक गडावर असतो तेव्हाही घर चालूच असते. मग ते चालवते कोण? त्यांच्या कादंबऱ्यांतच या प्रश्नाचे दोन ध्रुव दिसतात. बुधा मुंबईतील मुलाचे बिऱ्हाड सोडून राजमाचीच्या माचीवर परततो. ‘पडघवली’ मात्र अंबावहिनी सांगते, आणि ती घर व गाव धरून राहणारी आहे. एक निघून जातो, एक टिकून राहते. याला चरित्राचे सरळ प्रतिबिंब मानणे भाबडेपणाचे होईल. पण निघण्याची ओढ आणि राहण्याची जबाबदारी या दोन्हींना सारख्याच आस्थेने आवाज देणारा लेखक संसारी होता, हे विसरून या दोन निवेदनांचे नाते उलगडत नाही.

‘स्मरणगाथा’ (साहित्य अकादमी पुरस्कार, १९७६) ही मुख्यतः तेराव्या वर्षी घर सोडलेल्या मुलाची गाथा आहे. गृहस्थ गोनीदांना समजून घेण्यासाठी वाचकाला त्यांच्या कन्या वीणा देव यांच्या ‘आशक मस्त फकीर’कडे वळावे लागते. घर सोडण्याचा वृत्तान्त पित्याने लिहिला आणि घरातल्या पित्याचा मुलीने, ही वाटणी बोलकी आहे. वीणा देव मराठीच्या प्राध्यापक होत्या आणि त्यांचे पती विजय देव यांनीही प्राध्यापकी केली. या दोघांनी कुटुंबीयांसह गोनीदांच्या कादंबऱ्यांची अभिवाचने वर्षानुवर्षे केली. पहिल्या पिढीने जो पगार नाकारला, त्याच पगाराच्या स्थैर्यावर दुसऱ्या पिढीने त्या नकाराचे फळ श्रोत्यांपर्यंत पोहोचवले. गोनीदांच्या स्मरणार्थ दिल्या जाणाऱ्या पुरस्कारांपैकी एकाला ‘नीरा-गोपाल’ हे नाव आहे. त्यात पत्नीचे नाव आधी येते. जे श्रेय वाङ्मयेतिहासाने नोंदवले नाही, ते कुटुंबाने नावाच्या क्रमात नोंदवले.

ही श्रमविभागणी उलटी केली, म्हणजे कादंबरी लिहिणारी व्यक्ती हीच घर धरून राहणारी असली, तर जमाखर्च निराळा होतो. विभावरी शिरूरकर यांची ‘विरलेले स्वप्न’ १९३५ ची, तर ‘बळी’ १९५० ची. मधल्या पंधरा वर्षांत सोलापूरच्या वसाहतीतील नोकरी आहे, १९३८ मधील विवाह आहे आणि संसार आहे. ‘बळी’चे सामर्थ्य त्या नोकरीतील अनुभवातून आले, हे समीक्षा आवर्जून सांगते. कादंबरीच्या दीर्घ विलंबाची चर्चा मात्र क्वचितच होते.

कुटुंब आणि लेखन यांचा ‘तोल’ ही प्रतिमा म्हणूनच अपुरी आहे. तराजूच्या दोन पारड्यांत दोन वेगळ्या वस्तू असतात. येथे मात्र घर हे लेखनाच्या निर्मितिव्यवस्थेचाच एक भाग असते. आज कासारवाडीत पाळी सांभाळून रात्री कादंबरी लिहिणाऱ्याला, किंवा नोकरी सोडून केवळ लिहिण्याचा विचार करणाऱ्याला, गोनीदांचे उदाहरण धैर्य देईल. ते प्रामाणिकपणे द्यायचे असेल, तर तळेगावच्या घरातील इतरांचे श्रमही त्याच कथेत सांगावे लागतील. कादंबरीकारांवर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी अर्पणपत्रिका, प्रस्तावनेतील ऋणनिर्देश आणि कुटुंबीयांच्या आठवणी ही साधने परिशिष्टात न ठेवता निर्मितिप्रक्रियेच्या प्रकरणात आणावीत. त्याखेरीज ‘स्वतंत्र’ या विशेषणाची किंमत कोणी मोजली, हे त्या प्रबंधातून कळणार नाही.