भट्टीच्या दारातून परतलेली गाडी

दिवेलागण उलटल्यावर जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतून कधी गेला आहात का? नसाल तर एकदा जाऊन पाहाच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या उंच शेड, आत भट्ट्या पेटलेल्या, आणि फाटकाबाहेर भंगाराने भरलेल्या ट्रकांची रांग. त्या ट्रकांत काय नसतं? मोडकी कपाटं, पाण्याच्या टाक्या, सायकली, शिलाई मशीनचे पाय, मोटारींची दारं. हे सगळं भट्टीत वितळतं आणि दुसऱ्या बाजूने बांधकामाची सळई होऊन बाहेर पडतं. तुमच्या घराच्या स्लॅबमध्ये जालन्याची सळई असेल, तर एखाद्या अनोळखी बाईचं कपाटही तुमच्या डोक्यावर असेल!

‘जालना, सोने का पालना’ अशी आमच्या गावाची जुनी ख्याती. १ मे १९८१ ला औरंगाबादपासून वेगळा होऊन आमचा जिल्हा झाला. कुंडलिकेच्या अलीकडे-पलीकडे जुना जालना आणि नवा जालना. बियाणं, मोसंबी आणि लोखंड या तिन्हींवर गावाची चूल पेटते. अशा गावात जुनी मोटार दारात ठेवायची म्हणजे खाटकाच्या शेजारी बकरी पाळण्यासारखंच. येता-जाता कुणीतरी विचारतंच, “काढायची का?”

आमच्या दारात अशी एक मोटार होती. २००२ सालची फियाट पालिओ. ‘पालिओ’ म्हटल्यावर काहींना जाहिरातीतला सचिन तेंडुलकर आठवेल. २००१ मध्ये ती आपल्याकडे आली, मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. दिसायला लहानच, मागचं दार वर उघडणारी. पण मामंजींनी घेतलेल्या गाडीत मोठं इंजिन होतं, १५९६ सीसी, सोळा व्हॉल्व्हचं, शंभर अश्वशक्तीचं. त्या काळच्या मारुती ८०० ची ताकद सदतीस अश्वशक्तीच्या आसपास होती, म्हणजे तुलना करा. पेट्रोल मात्र पाण्यासारखं प्यायची. सासूबाई म्हणत, “म्हैस परवडली, ती दूध तरी देते.”

मामंजींचा कापसाचा व्यवहार. सगळा जन्म स्कूटरवर काढलेल्या, काटकसरी माणसाने हीच गाडी का घेतली, ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. मला मोटार चालवायला त्यांनीच शिकवलं, २०१२ च्या दुष्काळात. आठवतंय ना ते साल? मोसंबीच्या बागा वाळून सरपण झाल्या होत्या आणि अंबडच्या रस्त्यावर जिकडेतिकडे पाण्याचे टँकर. मी ओव्हरटेक करायला शिकले ते टँकरलाच. “आधी तिसरा टाक, मग पाय दे, आणि एकदा निघालीस की मागे पाहू नकोस,” असं ते शांतपणे सांगायचे. सुनेला शिकवताना सासरे आवाज चढवत नाहीत हे पाहून शेजारणींना नवल वाटायचं.

२०१६ मध्ये ते गेले. गाडी लिंबाखाली उभी राहिली ती राहिलीच. पुढच्या वर्षी पंधरा वर्षं भरली, पासिंग संपलं. टायर बसले, बॉनेटखाली मांजरीने पिलं घातली, एका पावसाळ्यात मागच्या सीटवर बुरशी धरली.

आता एक कबूल करते. “देऊन टाका भंगारात” असं म्हणणारी मीच होते. स्वयंपाकघराची गच्ची गळत होती, आणि माझ्या अर्ध्या वेळच्या शाळेच्या पगारात वाण्याची उधारी भागायची, गच्ची भागायची नाही. भंगारवाल्याने बावीस हजार सांगितले होते. हे गप्प. सासूबाई तर कोणत्या बाजूच्या तेच कळेना.

२०१९ च्या उन्हाळ्यात, गाडी न्यायला माणूस उद्या येणार म्हणून मी आतलं सामान काढायला बसले. डाव्या कप्प्यात एक लांबट वही निघाली. मामंजींनी प्रत्येक वेळचं पेट्रोल त्यात मांडलं होतं. तारीख, लिटर, किलोमीटर, आणि पुढे कुठे गेलो ते दोन शब्दांत. ‘राजूर, चतुर्थी.’ ‘परतूर, लग्न.’ ‘सूनबाई, अंबड रस्ता, बरी चालवते.’ मी वही मिटली आणि त्या माणसाला फोन करून नको म्हणून सांगितलं. गच्चीवर त्या वर्षी पुन्हा ताडपत्रीच टाकली.

आता वाटेल, मग मिस्त्री आला आणि गाडी सुरू झाली. कसली सुरू होते! पाच वर्षं लागली.

जुन्या जालन्यातले आमचे मिस्त्री अबोल. त्यांनी किल्लीला हातच लावू दिला नाही, आधी वही मागितली. पानं उलटून म्हणाले, “ताई, यात टायमिंग बेल्ट बदलल्याची नोंदच नाही.” हा बेल्ट म्हणजे इंजिनातला दाते असलेला रबरी पट्टा. वरचे व्हॉल्व्ह आणि खालचे पिस्टन यांचा ताल तो सांभाळतो. गाडी उभी असली तरी रबर म्हातारं होतच असतं. तसंच चालू केलं असतं आणि पट्टा तुटला असता, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून इंजिन तिथेच संपलं असतं. म्हणजे ती वही दुसऱ्यांदा कामी आली.

रेडिएटर उघडला तर आत पांढरा चुनखडीसारखा थर. आपल्या कुकरच्या तळाशी, पाणी तापवायच्या हीटरवर बसतो ना, अगदी तसाच. मामंजी बोअरचं पाणी घालायचे. आमच्याकडचं पाणी किती जड ते डाळ शिजवणाऱ्या बाईला विचारा! रेडिएटरमध्ये शुद्ध केलेलं पाणी आणि कूलंट यांचंच मिश्रण घालायचं असतं. तुमच्या घरच्या गाडीत काय घालतात ते आजच विचारून घ्या.

सुटे भाग ही खरी कटकट. आम्ही काम काढलं आणि त्याच सुमारास फियाटने आपल्याकडच्या मोटारींचा गाशा गुंडाळला. काही वस्तू पुण्याहून आल्या, काही मुंबईहून, काही दुसऱ्या मेलेल्या पालिओंच्या अंगावरून. एका दुकानाने पैसे आधी घेऊन लहान इंजिनाचा भाग पाठवला आणि परत घ्यायला चक्क नकार दिला. तो भाग अजून माझ्या माळ्यावर आहे, पापडाच्या डब्याशेजारी. पण जालन्याचा एक फायदा असा की लोखंडाच्या गावात लेथवाले जागोजागी. पुढच्या चाकांच्या आर्मचे बुश कुठेच मिळेनात, तेव्हा एकाने जुन्या नमुन्यावरून बाहेरची पोलादी नळी कातून दिली. त्यात रबर बसवलं दुसऱ्याने. पहिली जोडी महिन्याभरात फाटली, दुसरी टिकली.

मध्येच कोरोना आला, वर्ष गेलं. पुढच्या वर्षी लेकाची फी, आणि मग एकदाची गच्ची. गाडी ठोकळ्यांवर उभी. भिशीचा माझा नंबर लागला, तेव्हा त्या पैशाचं काय करायचं यावरून आमच्या दोघांत चार दिवस अबोला होता. शेवटी ब्रेकचं काम झालं. पाइप, डिस्क, सिलिंडर, सगळंच. ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषून घेतं, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. आमचं तर काकवीसारखं काळं झालं होतं.

भाऊजींना आणि लेकाला मात्र वेगळीच हौस. त्यांना मोठ्या आवाजाचा सायलेन्सर हवा, गाडी बुटकी करायला हवी, रंग पिवळा हवा. लेक तर मोबाइलवर रोज एक नवं चित्र आणून दाखवी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मी त्याला वाचून दाखवलं. नोंदणीच्या कागदावर जे लिहिलं आहे त्याच्याशी विसंगत बदल मनाला येईल तसे करता येत नाहीत. इंजिन बदलायचं तर परवानगी लागते, रंग बदलला तर त्याचीही नोंद करावी लागते. पण खरं सांगू, कायदा आडवा आला नसता तरी मी नाहीच म्हटलं असतं. जुन्या पैठणीला रफू करावं, अस्तर लावावं, तिचा पंजाबी ड्रेस शिवू नये. स्प्रिंगा थोड्या कडक बसवल्या, दिव्यांना जाड वायरी आणि रिले घातले, टायर चांगले घेतले. लेकाची बोळवण तेवढ्यावर झाली. टायर घेताना त्याच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे बघा. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन साल. दुकानात पडून राहिलेला ‘नवा’ टायर नवा नसतो. समृद्धी महामार्गाच्या तापलेल्या काँक्रिटवर जुने टायर घेऊन जाणारे आपल्याकडे कमी नाहीत.

आणखी एक काम आयत्या वेळी वाढलं. २०२५ पर्यंत पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येऊ लागलं. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना ते सोसत नाही, म्हणून टाकीपासून इंजिनापर्यंतच्या सगळ्या नळ्या बदलून घेतल्या.

एमएच २१ चं पासिंग पुन्हा झालं, पाच वर्षांसाठी. शुल्क पाच हजार, उशिराचा दंड वेगळा. पुढे २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना दहा हजार झाले. एकूण खर्च किती झाला? तो आकडा मी सासूबाईंना सांगितलेला नाही, तेव्हा इथेही लिहीत नाही. हे मासिक त्याच आधी वाचतात.

पहिली लांबची फेरी जांबसमर्थला, रामदासस्वामींच्या जन्मगावी. सासूबाईंनीच गाव निवडलं. स्टीअरिंगवर मी, शेजारी त्या, मागे बापलेक. अंबडला मत्स्योदरी देवीची माशाच्या आकाराची टेकडी दिसली तशी सासूबाईंनी बसल्या जागी हात जोडले. पुढे घनसावंगीपर्यंत काळी जमीन, मध्ये मध्ये उसाच्या ट्रॉल्या आणि पुन्हा उभ्या राहिलेल्या मोसंबीच्या बागा. बहराच्या दिवसांत खिडकी उघडी ठेवा, अत्तराची गरज नाही. जांबला समर्थांच्या मंदिरात अगदी शांत वाटलं. तिथल्या पायरीवर बसून आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. सासूबाईंनी एक दशमी कागदात बांधून परतीला ठेवली. मामंजींना गाडीत काहीतरी तोंडात टाकायला लागायचं, ती सवय.

परतताना जालन्याजवळ अंधार पडला. पुढे भंगाराचा ट्रक, वर एका मोटारीचं निळं दार उघडझाप करत होतं. रस्ता मोकळा दिसला. मी तिसरा टाकला आणि पाय दिला. गाडी अशी निघाली की मागे लेक ओरडलाच.

“हळू गं,” सासूबाई म्हणाल्या. मग जराशाने, “ते पण असेच काढायचे.”

घरी आल्यावर वही काढली. लिटरला अकरा पडले. सासूबाईंना दाखवलं तर म्हणाल्या, “म्हैसच.”